पलंगाच्या पंपावरचे आकडे



गेला महिनाभर मी इथे काही लिहिलं नाही. काहीजणींनी निरोप पाठवून चौकशी केली, त्यांचे आभार. कारण घरातलंच होतं. आमच्या अक्कांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, उजवा हात चार आठवडे प्लास्टरमध्ये होता. ऐन दशलक्षण पर्वात. मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. उपवासाचं त्यांना काही नाही, पण उजव्या हातानं जपमाळ फिरवता येत नाही म्हणून रोज संध्याकाळी डोळ्यांत पाणी. आणि हे सगळं झालं ते पलंगाच्या झाकणामुळे. खरं सांगायचं तर माझ्यामुळे.

आमच्याकडे अक्कांच्या खोलीत तो सामान ठेवायचा पेटीचा पलंग आहे, ज्याला सगळे ‘हायड्रॉलिक बेड’ म्हणतात. पायाकडून झाकण उचललं की दोन्ही बाजूंच्या दांड्या आपोआप लांब होतात आणि झाकण वर जाऊन थांबतं. सात वर्षं झाली घेऊन. आत रजया, पाहुण्यांच्या उशा, अक्कांच्या जुन्या नऊवारी, आणि पर्वात जमिनीवर झोपायला लागणाऱ्या चटया. या आषाढात झाकण वर राहीना. उचललं की हळूहळू खाली यायचं. मी काठीचा टेकू लावून काम चालवत होते. तुमच्यापैकीही कितीजणी गाडीच्या डिकीला अशीच काठी लावतात, मला माहीत आहे.

शेवटी श्रावणात मिस्त्री बोलावले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, पंप गेलेत. जुने कमी ताकदीचे होते, आता चांगले हेवी बसवतो, दहा वर्षं बघायला नको.” मला बरंच वाटलं. हेवी म्हणजे चांगलं, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. पातेलं जड तर चांगलं, कपाट जड तर चांगलं. मी पैसे दिले, पाणी दिलं, आणि विसरून गेले.

झाकण लावायला आता दोन हातांनी, अंग टाकून दाबावं लागायचं. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. मग पर्वाच्या दोन दिवस आधी अक्का चटई काढायला गेल्या. वाकून कडी सोडली, दोरीच्या मुठीत हात घातला आणि झाकण उसळलं. त्यांचं वजन चव्वेचाळीस किलो. मूठ मनगटात अडकली, हात झाकणाबरोबर वर ओढला गेला, त्या बाजूला कलंडल्या. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा झाकण आभाळाकडे तोंड करून उभं, आणि अक्का खाली बसून मनगट धरून मलाच म्हणत होत्या, “घाबरू नको, काही नाही झालं.”

आता मला काय म्हणायचं आहे ते सांगते. त्या दांडीवर सगळं लिहिलेलं होतं. जुन्या दांडीवरही आणि नव्या दांडीवरही. मी वाचलं नाही.

आपण बायका वाचत नाही असं कुणी म्हणू नये. बिस्किटाचा पुडा दुकानात उलटा करून त्यावरचे बारीक आकडे वाचणारी आपल्याइतकी चिकाटीची जमात नसेल. १२० दिसला की पुडा परत फळीवर, कारण तो लाल रंग किड्यांपासून काढतात. ९०४ म्हणजे लाख, तीही किड्याचीच. ४७१ वनस्पतीचा असेल किंवा नसेल, म्हणून हिरवा ठिपका बघायचा. हे सगळं आपल्याला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. गरज होती, शिकलो. मग घरातल्या माणसाच्या डोक्यावर, मानेवर पडू शकणाऱ्या झाकणाचा आकडा ‘मिस्त्रींचं काम’ म्हणून आपण का सोडून देतो?

प्लास्टर घातल्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या पुतणीला बोलावलं. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करते आहे. दोघींनी पलंगाखाली टॉर्च धरून बसून ते आकडे वाचले. जुनी जोडी मिस्त्रींनी गच्चीत टाकली होती, तीही आणली. त्या दिवशी जे कळलं ते मला जमेल तसं लिहिते.

आधी नाव. याला हायड्रॉलिक म्हणतात, दुकानात ‘पंप’ म्हणतात, कुणी शॉकॲब म्हणतं. पण आत तेलाचा जोर नसतो. बंद नळीत नायट्रोजन वायू खूप दाबानं भरलेला असतो, आणि थोडंसं तेल असतं ते सील ओलं राहावं आणि दांडी शेवटी धाडकन न थांबता सावकाश थांबावी म्हणून. खरं नाव गॅस स्प्रिंग. नायट्रोजन पेट घेत नाही, म्हणून ‘गॅस’ शब्दाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दाबाला, ते पुढे सांगते.

जुन्या दांडीच्या नळीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं: १०/२२, मग २५०, मग ५८५, मग ७०० आणि त्याला चिकटून इंग्रजी एन. त्याखाली बॅचचा नंबर आणि उघडू नका, तापवू नका अशी चित्रं. बस्स, एवढंच. सगळ्या कंपन्या याच क्रमानं लिहीत नाहीत. काही फक्त स्वतःचा माल क्रमांक आणि न्यूटनचा आकडा छापतात, मग बाकीची मापं त्यांच्या यादीत बघावी लागतात किंवा टेप लावून घ्यावी लागतात. पण मापं हीच असतात.

१०/२२ म्हणजे आतली चकचकीत दांडी १० मिलिमीटर जाड आणि बाहेरची नळी २२ मिलिमीटर जाड. स्वयंपाकघरातल्या वर उघडणाऱ्या कपाटाला ६/१५ असते, गाडीच्या डिकीला बहुधा ८/१८ किंवा १०/२२.

२५० म्हणजे स्ट्रोक, दांडी किती आतबाहेर जाते ते. ५८५ म्हणजे पूर्ण उघडल्यावरची लांबी. दुकानदार याच्यावरच माल देतो. “तेवीस इंची ना? घ्या.” पण दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बंद लांबी मिळते, ५८५ उणे २५० म्हणजे ३३५, आणि गोम तिथे आहे. समजा तुम्हाला ५८५ लांबीचा पण २०० स्ट्रोकचा पंप मिळाला. उघडल्यावर तो अगदी बरोबर बसेल. पण मिटताना ३८५ च्या खाली जाणार नाही. पाच सेंटिमीटर जास्त. झाकण टेकायच्या आधीच पंप संपतो, आपण वरून दाबत राहतो आणि प्लायमधला स्क्रू उपटून येतो, नाहीतर बिजागरी वाकते. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या पलंगाला नेमकं हेच झालंय असा मला दाट संशय आहे. गेली दोन वर्षं त्या म्हणतात, “झाकण नीट बसत नाही गं, लाकूड फुगलंय.” लाकूड कशाला फुगेल?

मोजताना आणखी एक. दोन्ही टोकांना वाटीसारखी किंवा भोकाची बोंडं असतात. लांबी कोणी बोंडाच्या मध्यापासून मध्यापर्यंत सांगतं, कोणी बोंडं सोडून. जुना काढून मोजताना तुम्ही कुठून कुठे मोजलं ते दुकानात सांगा. त्याहून सोपं म्हणजे जुना पंपच पिशवीत घालून न्या.

आणि आता तो एन. एन म्हणजे न्यूटन, जोराचं माप. साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा जोर. ७०० म्हणजे सत्तर-एक किलो. सातशे किलो नव्हे! आमच्या नात्यातल्या एका काकांनी ‘१०० एन’ वाचून कपाटाचं दार शंभर किलो पेलेल असं ठरवलं होतं. ते दहा किलो आहे. हा आकडा वीस अंश तापमानाला, दांडी जवळजवळ पूर्ण बाहेर असताना मोजलेला असतो. दांडी आत दाबत नेली की जोर वाढत जातो, मिटलेल्या अवस्थेत बहुतेक वेळा वीस ते चाळीस टक्के जास्त असतो. तापमान वाढलं तरी वाढतो, दर तीन अंशांना साधारण एक टक्का. आमच्याकडे सांगलीत मे महिन्यात पारा चाळीसला जातो आणि थंडीत पहाटे बारा-तेरावर येतो. म्हणजे त्याच पंपात नऊ टक्क्यांचा फरक. थंडीत झाकण आळसावल्यासारखं का वाटतं आणि उन्हाळ्यात ताडकन का उघडतं, याचं उत्तर मला सात वर्षांनी मिळालं.

मिस्त्रींच्या नव्या पंपांवर काय होतं? १०/२२, २५०, ५८५. सगळं तेच. आणि शेवटी १२००.

सातशेच्या जागी बाराशे. दोन्ही बाजूंना.

एवढ्यावरच थांबत नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही अक्कांची कापसाची गादी काढून फोमची घातली होती, त्यांना उचलायला हलकी पडावी म्हणून. जुनी सोळा किलोंची, नवी सात. झाकणाचं वजन कसं करायचं हा मला प्रश्न पडला होता, तो पुतणीनं सोडवला. दोन्ही पंप सोडवले, दोघींनी झाकण धरलं आणि पायाकडचं टोक वजनकाट्यावर टेकवलं. काटा १० दाखवत होता. झाकण एकसारखं असेल तर निम्मा भार बिजागरी घेते, म्हणून झाकण वीस किलो. गादी धरून आधी छत्तीस होतं, आता सत्तावीस. वजन कमी झालं आणि जोर वाढला. या दोन गोष्टी एकाच पलंगाला, सहा महिन्यांच्या आत, आम्हीच केल्या.

हिशेब आजीच्या पाटा-वरवंट्याइतका साधा आहे, ढोबळ पण कामाचा. झाकणाचं वजन त्याच्या मध्यावर आहे असं धरायचं, बिजागरीपासून ९५ सेंटिमीटर. पंपाचा जोर बिजागरीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर लागतो. छत्तीस गुणिले पंचाण्णव, भागिले पंचवीस, येतात जवळजवळ १३७ किलो. दोन पंपांत वाटले तर प्रत्येकी ६८, म्हणजे सुमारे ६७० न्यूटन. म्हणजे कारखान्यानं बसवलेले सातशेचे पंप ‘कमी ताकदीचे’ नव्हतेच, बरोबर होते. नव्या गादीला तर पाचशेच पुरले असते. बाराशेची जोडी लावल्यावर तोच हिशेब उलटा केला, तर झाकणाच्या टोकाशी अठरा किलोंहून जास्त जोर वरच्या दिशेनं उरतो. शिवाय झाकण जसजसं उभं होतं तसतसा त्याचा भार कमी होतो, पंप मात्र ढकलतच राहतो. तो जोर चव्वेचाळीस किलोंच्या बाईच्या मनगटात गेला.

पंप बसवण्याचा कोन बदलला की हा पंचवीसचा आकडा बदलतो, म्हणून माझा हिशेब जसाच्या तसा तुमच्या पलंगाला लावू नका. तुमचा स्वतःचा टेप लावा. आणि जोडी नेहमी एकदमच बदला. एक जुना, एक नवा ठेवला की झाकण तिरपं ओढलं जातं.

मिस्त्रींवर मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. फोन केला तर म्हणाले, “वहिनी, सगळ्यांना हेवीच पाहिजे असतात. हलके लावले तर लोक म्हणतात मिस्त्रीनं पैसे खाल्ले.” यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांचं वागणं चूकच होतं. गादी कोणती, झाकण किती किलोंचं, उचलणार कोण, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. पण मीही ‘हेवी’ ऐकून मान डोलावली होती. झाकण दाबायला अंग टाकावं लागतंय हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी पंचावन्नची असून मला जड जात होतं, तर पंच्याहत्तरीच्या बाईला काय होईल, हा विचार शिवला नाही. पर्वात क्षमा मागायची असते, या वर्षी मला कुणाकुणाची मागायची हे शोधावं लागलं नाही.

जुने पंप का गेले तेही कळलं. मागच्या दिवाळीत खोलीला रंग दिला तेव्हा पलंग अर्धवट झाकला होता. दांडीवर रंगाचे चार थेंब वाळून बसले होते. ती दांडी दर वेळी रबरी सीलमधून आतबाहेर जाते, वाळलेला थेंब सील खरवडतो, वायू निसटतो. कापडानं हलकेच पुसण्यापलीकडे त्या दांडीला काही लावू नका, तारेची घासणी तर मुळीच नको. आणि झाकण मिटलेलं असताना चकचकीत दांडी शक्यतो खालच्या बाजूला आणि जाड नळी वर, म्हणजे तेल सीलवर राहतं. आमच्या मिस्त्रींनी उलटे बसवले होते, हे सांगायची आता गरज नाही.

नवे पंप आणायला मी स्वतः गेले. हार्डवेअरच्या दुकानातले भाऊ माझ्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या ह्यांना विचारू लागले, “साहेब, काय देऊ?” हे म्हणाले, “मला काही कळत नाही, त्यांना विचारा.” मी सांगितलं, “दहा-बावीस, स्ट्रोक अडीचशे, लांबी पाचशे पंच्याऐंशी मध्यापासून मध्यापर्यंत, साडेपाचशे न्यूटन, जोडी.” पाचशे हिशेबात बसत होते, पण अक्कांना सुरुवातीला थोडा हात मिळावा म्हणून जरा वर. साडेपाचशे त्यांच्याकडे नव्हते, मागवावे लागले, तीन दिवस गेले. बिलावर ते फक्त ‘पंप जोडी’ लिहीत होते. मी चारही आकडे लिहून घेतले. माझं ठाम म्हणणं आहे की पलंग विकणाऱ्यानं हे आकडे पहिल्या दिवशीच बिलावर लिहून द्यायला हवेत, आणि किती किलोंच्या गादीसाठी हा पंप धरला आहे तेही. गादी आपण बदलतोच, पलंग तोच राहतो. ते देत नसतील तर आपण मागायला हवेत. दहाजणींनी मागितले की अकरावीला न मागता मिळतील.

हे सगळं ऐकून माझी एक मैत्रीण म्हणाली, “एवढ्या भानगडीपेक्षा साधी लाकडी पेटी बरी. आणि इतकं साठवायचंच कशाला? अपरिग्रह फक्त प्रवचनात का?” तिचा टोला बसला. आम्ही पलंग रिकामा केला तेव्हा आतून चौदा उशा निघाल्या, आणि घरात आम्ही चौघं. अर्ध्या दिल्या. पण साध्या पेटीचं जड झाकणही हातावर पडतंच, माझ्या आजोळी एका मामींचं बोट तसंच गेलं होतं. झाकण अलगद थांबलं की आत एखादी पाल, कोळी आहे का ते नीट बघून मग मिटता येतं, हा मला त्यातला मोठा फायदा वाटतो. वस्तू वाईट नाही, तिची ओळख करून न घेता ती घरात ठेवणं वाईट.

आता दाबाचं सांगायचं राहिलं. दहा मिलिमीटरची दांडी आणि सातशे न्यूटन, म्हणजे आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ चाळीस पट. पंप ‘गेला’ म्हणजे रिकामा झाला असं नाही, थोडा वायू निसटला तरी झाकण पेलत नाही, उरलेला आत असतोच. आमच्या गल्लीत भंगार घेणारा मुलगा येतो, सतरा-अठराचा असेल. त्याला मी जुनी जोडी देणारच होते. पुतणीनं विचारलं, “काकू, तो हे गॅस कटरनं कापेल ना?” माझे हातपाय गार पडले. आपण चिलट मारायचं टाळतो आणि हे नकळत कुणाच्या तोंडासमोर ठेवून येतो. दांड्यांना भोक पाडू नका, कापू नका, शेगडीजवळ ठेवू नका, आणि भंगारात देत असाल तर समोर उभं राहून त्याला हे सांगा. जमल्यास विकणाऱ्या दुकानातच परत द्या, त्यांच्याकडून ते कारखान्याकडे जाऊ शकतात.

साडेपाचशेची जोडी बसून आता दहा दिवस झाले. प्लास्टर निघालं. अक्कांनी पहिल्यांदा डाव्या हातानं, मग उजव्या हाताची दोन बोटं लावून झाकण उघडून पाहिलं. ते सावकाश वर गेलं आणि थांबलं. त्यांनी मिटलं, परत उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मी जाड पेननं चारही आकडे, तारीख आणि ‘गादी ७ किलो’ असं लिहून ठेवलंय. त्या चष्मा लावून वाचत होत्या, आणि मग मला म्हणाल्या, “स्वयंपाकघरातल्या त्या वरच्या कपाटावर किती लिहिलंय गं?” मी स्टुलावर चढून बघितलं. ८० होतं. त्या कपाटाचं दार काचेचं आहे, अजून वजन केलेलं नाही.

बाराशेची जोडी दुकानदारानं परत घेतली नाही. ती माझ्याकडे गच्चीच्या खोलीत, सावलीत, फडक्यात गुंडाळून पडून आहे. कुणाचा मोठा, दुहेरी, जड गादीचा पलंग असेल तर आधी झाकणाचं टोक वजनकाट्यावर टेकवून आकडा कळवा, हिशेब जुळला तरच देईन.